प्लॅन आहे, पण पेन्सिलनं

पाच रजा, नऊ दिवस, चार दोस्त आणि एक लांबच लांब देश. व्हिएतनामची पहिलीवहिली ट्रिप आखताना पक्कं काय करायचं आणि मोकळं काय सोडायचं?

प्रत्येक ऑफिसात एक ट्रिप असते. कधीच न निघणारी. लंच अवरमध्ये डबे उघडले की ती निघते, चहाच्या मशीनपाशी जरा लांबपर्यंत जाते आणि अप्रेझलच्या आठवड्यात गुपचूप मरते. आमची तीन वर्षं अशीच मेली. मग २०२५च्या गणपतीत आमच्यातल्या एकाचं लग्न ठरलं. तारीख डिसेंबरची. ‘आता नाही तर पुन्हा चौघं एकत्र कधीच नाही’ हे सगळ्यांना एकदम कळलं आणि त्याच रात्री विमानाची तिकिटं काढली गेली. मुंबई ते हनोई जाताना, हो ची मिन्ह सिटी ते मुंबई येताना. मधलं सगळं कोरं.

चौघं म्हणजे कोण? लग्नाळू तो ‘एक्सेल’. हा माणूस दळण आणायला जातानाही शीट बनवतो. दुसरी ‘मावशी’, वय एकोणतीस, शुद्ध शाकाहारी, जुनी देवळं बघायचं वेड. तिसरा ‘धाकटा’, नोकरीला लागून दीड वर्ष झालेला, ज्याला काहीही विचारा, उत्तर एकच, ‘चालेल!’ आणि चौथी मी. माझं काम सगळ्यांना समजावण्याचं, म्हणजे बिनपगारी एचआर. चौघांचेही पासपोर्ट कोरे करकरीत.

व्हिएतनामच का? पहिल्या फॉरेन ट्रिपला एक देश हवा होता, जो खिशाला झेपेल, जिथं पाच-साडेपाच तासांत पोचता येईल आणि जिथं टूरवाल्याच्या झेंड्यामागे न चालता स्वतःचं स्वतः फिरता येईल. शिवाय नकाशात तो दिसतो कसला भारी! इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा, उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरच्या वर, आणि कमरेपाशी इतका बारीक की मध्ये जेमतेम पन्नास किलोमीटर. म्हणजे चुकायची सोय नाही. वरून सुरुवात करायची आणि खाली घसरत यायचं. हनोई ते सायगॉन १,७२६ किलोमीटरची रेल्वे आहेच. फ्रेंचांच्या काळात १९३६ मध्ये पूर्ण झाली, युद्धात जागोजागी तुटली आणि देश एक झाल्यावर १९७६ च्या शेवटी पुन्हा सलग धावली. तिच्या सॉफ्ट स्लीपरच्या डब्यात चार बर्थची बंद केबिन असते. चार बर्थ, चार माणसं! आमच्यासाठी देशाची निवड तिथंच संपली.

आता खरी गोम. दिवाळी.

आपल्याला सलग सुट्टी मिळते ती दिवाळीत आणि नेमकं तेव्हाच व्हिएतनामचं हवामान तीन तऱ्हांनी वागतं. उत्तरेत, म्हणजे हनोईकडे, ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वर्षातला सर्वांत सुंदर काळ. कोरडी हवा, संध्याकाळी हलका गारवा. दक्षिणेत पावसाळा आवरता घेत असतो, दुपारी एखादी जोरदार सर येते आणि जाते. पण मधला किनारा, हुए, दा नांग, होई आन? तिथं तेव्हा ऐन पावसाळा! आपल्याकडे जसा चेन्नईचा पाऊस दिवाळीच्या सुमाराला येतो ना, तसंच. उन्हाळ्यातले ढग पश्चिमेकडचे डोंगर अडवतात, म्हणून तेव्हा किनारा कोरडा. आणि ऑक्टोबरमध्ये वारे समुद्राकडून येऊन त्याच डोंगरांना धडकतात. सप्टेंबर ते डिसेंबर तिथं पूर आणि वादळं ही नवलाची गोष्ट नाही.

हे आम्हाला माहीत होतं. एक्सेलच्या शीटमध्ये निळ्या रंगात होतं. पण मावशीला मी सोनची देवळं बघायची होती आणि एक्सेलला होई आनच्या शिंप्याकडून लग्नाचा सूट शिवून घ्यायचा होता. होई आन हे नदीकाठचं जुनं व्यापारी गाव. पिवळ्या भिंती, कंदील आणि एक-दोन दिवसांत सूट शिवून देणारी दुकानं. तिथून चाळीसेक किलोमीटरवर मी सोन, चाम राजांनी बांधलेली शिवाची वीटबांधणीची देवळं. त्यातली काही आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानं सावरली आहेत आणि ते काम चालू असतानाच २०२० मध्ये तिथं अखंड दगडातलं नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं. आता सांगा, अशा मावशीला ‘पाऊस असतो गं तिकडे’ म्हणून कोण गप्प करणार?

म्हणून ठरलं, प्लॅन करायचा, पण पेन्सिलनं. पहिल्या दोन रात्रींचं हॉटेल पक्कं, कारण पहिल्यांदा परदेशात उतरून रात्री खोली शोधण्यात काही शौर्य नाही. शेवटच्या रात्रीचं पक्कं, कारण विमान चुकवायचं नाही. बाकीचं सगळं ‘ऐनवेळी रद्द केलं तरी पैसे जाणार नाहीत’ या बोलीवर. आणि प्रत्येकाचा एक हट्ट, फक्त एकच. मावशीचा मी सोन, एक्सेलचा सूट, माझा मेकाँग नदीवरचा तरंगता बाजार. धाकटा म्हणाला, ‘मला काहीही चालेल.’

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कागदपत्रांचं पटकन सांगून टाकते. भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा मिळतो, ऑगस्ट २०२३ पासून तो नव्वद दिवसांपर्यंतचा मिळू लागला. एकदाच प्रवेशाचा हवा असेल तर फी पंचवीस डॉलर. अर्ज सरकारी साइटवरच करा, तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स ढीगभर आहेत. नाव पासपोर्टवर छापलंय तस्संच टाका. आपल्या मराठी पासपोर्टात बहुतेकदा स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं असतं, ते गाळू नका. कुठल्या विमानतळावर उतरणार तेही अर्जात लिहावं लागतं, तेवढं मात्र पेन्सिलनं चालत नाही. आणि स्कूटर भाड्यानं घेऊन घाट मारायची स्वप्नं बघत असाल तर थांबा! आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसारचा, व्हिएतनाम मानतं १९६८ च्या. दुकानदार गाडी हसत देईल, पण अपघात झाला तर विमा कंपनी हसणार नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी रात्री निघालो. प्रत्येकी सात किलोची एकच बॅग. हा नियम मी लादला होता आणि त्यावर सर्वांत जास्त भांडणं झाली. पण मार्ग बदलायची मुभा हवी असेल तर आधी बॅग हलकी हवी. ऐनवेळी स्वस्तातलं विमान पकडायचं म्हटलं की सात किलोच्या वर पैसे मोजावे लागतात. मावशीनं त्यातही भाजणीच्या चकल्या कोंबल्याच.

हनोईनं पहिल्या तासातच आमची पुणेरी घमेंड उतरवली. रस्ता ओलांडणं या विषयात आपण डॉक्टरेट आहोत असं वाटतं ना? विसरा. स्कूटरची नदी वाहत असते. युक्ती एकच, हळू, एकाच वेगानं चालत राहायचं. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर मुळीच यायचं नाही. त्या तुमच्या बाजूनं वळून जातात. जुन्या हनोईतल्या गल्ल्यांची नावं धंद्यांवरून. हांग बाक चांदीची, हांग मा कागदी वस्तूंची. अगदी आपल्या बोहरी आळी, तांबट आळीसारखी. शनिवार-रविवार होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, तेव्हा अख्खं शहर तिथं लोटतं. अंड्याची कॉफी प्यायलो. १९४६ साली दुधाच्या टंचाईत सुचलेली ही आयडिया. वर पिवळ्या फेसाचा जाड थर, खाली कडक कॉफी. मावशी सोडून सगळ्यांनी दोन-दोन घेतल्या.

मावशीच्या जेवणाचं आम्हाला जाम टेन्शन होतं, कारण तिथं साध्या भाजीतही माशाचा रस असतो. पण एक शब्द हाती लागला आणि सगळं सुटलं. तो शब्द ‘चाय’. पाटीवर चाय दिसलं की तो चहा नव्हे, ते शाकाहारी जेवण! तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, मांसमच्छी खात नाहीत. त्यामुळे देवळांच्या आसपास चाय खानावळी असतात. आमच्या या दोन्ही तिथ्या हुकल्या, पण खानावळी उघड्याच होत्या. ‘तोय आन चाय’, म्हणजे मी शाकाहारी खाते, एवढं एक वाक्य मावशीनं घोटून पाठ केलं आणि नऊ दिवस त्यावर काढले. टोफू, मशरूम, केळफूल. केळफूल बघून तिचे डोळे भरून यायचेच बाकी होते.

आणि हो, तो फॉरवर्ड. व्हिएतनामला जातोय म्हटल्यावर प्रत्येक मराठी घरातल्या ग्रुपवर येतोच, व्हिएतनामनं छत्रपती शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वापरून अमेरिकेला हरवलं, हा. एक्सेलनं हनोईत आम्हाला फिरवणाऱ्या कॉलेजकन्यकेला मोठ्या उत्साहानं विचारलं. तिनं गोड हसून जनरल ज्याप यांचं नाव सांगितलं, १९५४ साली दिएन बिएन फूला फ्रेंचांना हरवणारे ते. मग तिनंच विचारलं, ‘तुमच्या राजाबद्दल सांगा ना.’ पुढची वीस मिनिटं एक्सेलनं तळ्याकाठी अफझलखानाचा वध साभिनय करून दाखवला. फॉरवर्डचं काय झालं ते बाजूलाच राहिलं.

सोमवारी ट्रेननं निन्ह बिन्हला गेलो. हनोईपासून दोन-सव्वादोन तास. भातशेतीतून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर आणि त्यांच्या पोटातून जाणारी नदी. रात्री होमस्टेच्या ओसरीवर जेवत होतो. आतल्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या. भाषा कळत नव्हती, पण चित्र कळत होतं. पाणी. हुए पाण्यात, होई आन पाण्यात. घराच्या मालकीणबाई टीव्हीसमोर उभ्याच होत्या, हातात ताटल्या तशाच.

नंतर आकडे वाचले. हुएच्या दक्षिणेला बाख मा डोंगरावर चोवीस तासांत १,७०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडला तो ९४४.

मंगळवारी दुपारी आम्ही स्टेशनवर गेलो. बुधवार रात्रीची आमची गाडी, ती चार बर्थची केबिन, रद्द. हुएच्या पट्ट्यात रूळ पाण्याखाली होते. काउंटरवरच्या बाईंनी पैसे परत दिले. होई आनच्या घरमालकिणीला मी मेसेज टाकला, येऊ शकत नाही म्हणून. तिचा फोटो आला. तिच्या घरातला जिना आणि दुसऱ्या पायरीला लागलेलं पाणी. खाली लिहिलं होतं, ‘आम्ही सगळे वर आहोत, ठीक आहोत. पुढच्या वर्षी या.’ आम्ही चौघांनी तो फोटो पाहिला आणि तोवर चाललेली आमची कुरकुर आपोआप बंद झाली.

पण प्रश्न होताच. परतीचं विमान सायगॉनहून, आणि मध्ये देशाची कंबर पाण्यात. रेल्वे बंद, हायवे बंद. एकच मार्ग, हनोईला परत जाऊन सायगॉनचं विमान. गुरुवारचं तिकीट माणशी साडेपाच हजार रुपये. एक्सेलनं फोन पुढे केला, ‘करू बुक?’ मावशीनं मान हलवली, मीही हलवली.

धाकटा ताटलीत बघत म्हणाला, ‘तुम्ही जा. मी थांबतो इथे. रेल्वे सुरू झाली की येईन.’

‘वेडा आहेस का? रविवारी विमान आहे आपलं!’

‘होईल ना सुरू तोपर्यंत. मला चालेल.’

आम्हाला समजायला दहा मिनिटं लागली. लाज वाटते सांगायला, पण लागली. त्याच्याकडे साडेपाच हजार नव्हते. म्हणजे कार्डावर होते, पण ते घराच्या हप्त्याचे होते, आणि दिवाळीत बहिणीला द्यायचं ते देऊन झालं होतं. तीन महिने प्रत्येक गोष्टीला तो ‘चालेल’ म्हणत होता आणि आम्ही त्याला स्वभावानं मोकळा समजत होतो. हॉटेल वरच्या दर्जाचं घेऊ? चालेल. ते नको, हे घेऊ? चालेल. आम्ही ‘फ्लेक्सिबल ट्रिप’ म्हणून मिरवत होतो. पण मन बदलायला पैसे पडतात आणि ते कुणाकडे किती आहेत हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. चहाला टीटीएमएम करणारे आम्ही, पगाराबद्दल मात्र एकमेकांत चकार शब्द काढत नाही.

त्या रात्री एक्सेलनं शीट उघडली आणि पहिल्यांदाच त्या शीटचं मला कौतुक वाटलं. परत मिळालेले रेल्वेचे पैसे एका रकान्यात टाकले. सायगॉनचं छान हॉटेल काढून टाकून चार बंकची खोली घातली. तरी कमी पडत होतं. मग त्यानं ‘सूट’ असं लिहिलेली ओळ निवडली आणि डिलीट मारली. ‘शिंपीच पाण्यात आहे यार. सूट कोण शिवणार?’ म्हणाला. धाकटा ‘परत देईन’ म्हणाला, एक्सेल ‘बघू’ म्हणाला, आणि विषय तिथं थांबला. मावशीनं चकल्यांचा शेवटचा डबा काढला.

आता पुन्हा कुठं गेलो तर आधी हेच बोलणार. तिकिटाआधी, हॉटेलाआधी. प्रत्येकानं आपला कमाल आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा, नाव न घालता, आणि सर्वांत लहान आकडा तोच सगळ्यांचा आकडा. शिवाय त्यातले वीस टक्के बाजूला, ‘बेत फिसकटला तर’ या नावानं. कॉमन पाकीटही पहिल्या दिवसापासून हवं, कारण तिथं आमच्या यूपीआयचं काही चाललं नाही. सगळं रोख. आणि वीस हजार डोंग आणि पाच लाख डोंगची नोट, दोन्ही निळ्या! अंधारात रिक्षावाल्याला भलतीच द्याल. हिशेबाची सोपी रीत अशी, शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याची साधारण साडेतीनपट करायची, झाले रुपये.

बुधवार रिकामा मिळाला होता आणि खरं सांगू, ट्रिपमधला तोच दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. चांग आनच्या जलमार्गावर नावेत बसलो. एका नावेत चार माणसं, म्हणजे केबिन गेली ती अशी परत मिळाली. वल्हवणाऱ्या मावशी आमच्या आईच्या वयाच्या. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात शिरलो की छत इतकं खाली येतं की मान मांडीत घालावी लागते आणि तेवढ्यात बाहेर पडून हिरव्यागार तळ्यात. तीनेक तास कुणी फोन बघितला नाही. धाकट्यानं जास्तीचं वल्हं मागून घेतलं आणि शेवटपर्यंत वल्हवत राहिला. मध्येच म्हणाला, ‘मला खरं तर समुद्र बघायचा होता.’ तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा हट्ट कळला. तोही आता होण्यासारखा नव्हता.

गुरुवारी सायगॉन. शुक्रवारी बसनं कान थो, साडेतीन-चार तास. शनिवारी पहाटे पाचला काय रांगचा तरंगता बाजार, माझा हट्ट. फोटोत असतो तेवढा तो आता राहिलेला नाही, हे आधीच सांगते. रस्ते झाले, पूल झाले, माल ट्रकनं जातो, नावा कमी होतात. पण ज्या आहेत त्या अजून बांबूच्या काठीवर आपला माल टांगतात. काठीला भोपळा म्हणजे नावेत भोपळे, अननस म्हणजे अननस. पाटी नको, भाषा नको. ऑक्टोबर संपताना मेकाँग दोन्ही काठ भरून वाहते, चहाच्या रंगाची. एका बाईनं आमच्या नावेला आपली नाव लावून अननस सोलून दिला, देठ धरून खायचा, कुल्फीसारखा. आंबट-गोड रस कोपरापर्यंत.

रविवारी सायगॉनमध्ये दोन गट केले. हेही आम्ही आधी करायला हवं होतं. रोज निदान दोन-तीन तास वेगळं फिरा, रात्री बोलायला काहीतरी उरतं. मी आणि एक्सेल युद्धाच्या संग्रहालयात गेलो आणि बाहेर आल्यावर बराच वेळ नुसते कट्ट्यावर बसलो. मावशी धाकट्याला घेऊन शहरातल्या मारिअम्मनच्या देवळात गेली. तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं, पण आत उदबत्त्या लावणारे बहुतेक व्हिएतनामी. मी सोन नाही तर हे, म्हणाली. समजूत होती ती, आम्हालाही कळत होतं.

डिसेंबरात एक्सेलचं लग्न झालं. सूट लक्ष्मी रोडवर शिवला, खांद्यात थोडा सैल. धाकट्यानं आहेराच्या पाकिटात साडेपाच हजार एक रुपये घातले होते. मावशीनं नवीन शीट बनवलीय, तिच्यात मार्च महिना लिहिलाय. मार्चमध्ये तिकडे कोरडं असतं. पहिल्या ओळीत धाकट्याच्या नावापुढे ‘समुद्र’ आहे आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात, त्यानं स्वतः भरलेला, एक आकडा.